मुलांवरचा अत्याचार आणि आबाळ: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

पालकांची मीटिंग संपली, खुर्च्या उचलायची वेळ झाली की कोणीतरी हळूच बाजूला येतं आणि म्हणतं, "ताई एक विचारायचं होतं, माझं नाही, ओळखीच्यांच्यातलं आहे." खरे प्रश्न तेव्हा सुरू होतात. समोर सगळ्यांच्यात विचारलेले प्रश्न वेगळे असतात आणि हे वेगळे. खाली बहुतेक हे दुसऱ्या प्रकारचेच आहेत.

अत्याचार म्हणजे नक्की काय? एक धपाटा दिला तर तोही अत्याचार का?

साधारण चार प्रकार धरतात. शरीराला इजा करणं, लैंगिक अत्याचार, मनाचा छळ आणि आबाळ. पहिले दोन सगळ्यांना कळतात. मनाचा छळ म्हणजे एकदा कधीतरी ओरडलो तो नाही, तर रोज उठून "तू जन्मालाच आला नसतास तर बरं झालं असतं" ऐकवणं, सतत घराबाहेर काढायची धमकी, मुलाशी आठवडा आठवडा बोलणं बंद. आईला मार खाताना रोज बघणारं मूलही यातच येतं, त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही तरीही.

आणि हेतू काय होता हा मुद्दा दुसरा. "चांगल्यासाठीच मारलं" म्हणणाऱ्याच्या हातून मुलाचं हाड मोडलं तर हाड मोडलंच ना. धपाट्याला प्रत्येक देशाचा कायदा वेगळं उत्तर देतो. स्वीडनने १९७९ मध्ये मुलांना मारायला पूर्ण बंदी घातली, घरातसुद्धा, असं करणारा तो पहिला देश, आणि आता असे ६० हून जास्त देश आहेत.

आम्हीही मार खाऊनच मोठे झालो, काय बिघडलं आमचं?

हा प्रश्न कमी आणि टोमणा जास्त असतो, पण उत्तर देते. बिघडलं नाही असं म्हणणारे तुम्ही इथे आहात, ज्यांचं बिघडलं ते बहुतेक या चर्चेला येत नाहीत. १९९८ मध्ये अमेरिकेत फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांनी एका मोठ्या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष छापले, या अभ्यासात एकूण १७ हजारांहून जास्त मोठ्या माणसांना बालपणाबद्दल विचारलं गेलं, आणि लहानपणी जितक्या जास्त प्रकारचा त्रास तितकं पुढे व्यसन, नैराश्य, हृदयविकार यांचं प्रमाण जास्त असं दिसलं. प्रत्येकाला होतंच असं नाही. पण धोका वाढतो.

बाकी तुम्ही एकटे नाही हे खरं. युनिसेफने २०२४ मध्ये सांगितलं की जगात पाच वर्षांखालच्या दर दहातल्या सहा मुलांना, म्हणजे जवळजवळ ४० कोटी मुलांना, घरात नेहमी मार किंवा मानसिक त्रास सहन करावा लागतो. सगळीकडे चालतं म्हणून योग्य ठरत नाही एवढंच.

आबाळ आणि गरिबी, फरक कसा करायचा?

हा मला सगळ्यात अवघड वाटतो आणि लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात. फाटके कपडे म्हणजे आबाळ नाही. घरात पैसे नाहीत म्हणून मूल अर्धपोटी आहे आणि आईबापही अर्धपोटीच आहेत, तर त्या घराला मदत पाहिजे, तक्रार नाही. आबाळ म्हणजे मुलाची गरज भागवणं शक्य असतानाही, किंवा मदत समोर आलेली असतानाही, ती सतत न भागवणं. ताप चार दिवस उतरत नाही आणि डॉक्टरकडे नेत नाहीत. तीन वर्षांचं पोर रात्रभर घरात एकटं. शाळेत नाव घातलंय पण पाठवतच नाहीत, कोणी विचारतही नाही. किंवा घरात सगळं आहे, खेळणी आहेत, पण मुलाशी दिवसभर कोणी एक शब्द बोलत नाही, ही पण आबाळच, आणि ती पैसेवाल्यांच्या घरात पण असते.

मी स्वतःला एकच विचारते, हे एकदा झालंय का नेहमीचंच आहे? एकदा डबा विसरणं वेगळं आणि रोज दुसऱ्यांच्या डब्याकडे बघत बसणं वेगळं. अमेरिकेसारख्या देशात जिथे नीट नोंदी ठेवतात तिथे सगळ्यात जास्त केसेस आबाळीच्याच निघतात, मारहाणीच्या नाही, फक्त आबाळ बातमीत येत नाही कारण तिचा फोटो काढता येत नाही.

अंगावर कुठल्या खुणा दिसल्या तर शंका घ्यायची?

खेळणारं मूल पडतंच. गुडघे, नडगी, कोपर, कपाळ, हाडाच्या वरची जागा, इथे काळनिळं असणं रोजचंच. शंका कधी, तर मऊ जागी असेल तेव्हा. डॉक्टर लोक एक नियम वापरतात, चार वर्षांपेक्षा लहान मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर डाग असेल तर नीट चौकशी करायची, आणि बाळ चार महिन्यांचं किंवा त्याहून लहान असेल तर अंगावर कुठेही डाग असला तरी. कारण साधं आहे, जे बाळ अजून पालथंही पडत नाही ते स्वतःला मार कसं लावून घेणार? ओठाच्या आतली, हिरडीला जोडणारी बारीक पट्टी फाटलेली असणं, जबड्याच्या कोपऱ्यावर, गालावर, पापणीवर डाग, डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त, हेही त्यातच.

शिवाय वस्तूचा आकार उमटलेला असेल, पट्ट्याचे समांतर वळ, गोल छोटा चटका, किंवा पाय गरम पाण्यात बुडवल्यासारखे सरळ रेषेत भाजलेले, मोज्यासारखे, तर ते अपघाताने फार क्वचित होतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे नक्की सांगता येत नाही, पिवळा म्हणजे जुना वगैरे अंदाज मोठमोठ्या डॉक्टरांचेही चुकतात. आणि आपल्याकडच्या बऱ्याच बाळांच्या पाठीवर, ढुंगणावर जन्मापासून निळसर राखाडी डाग असतो, त्याला मंगोलियन स्पॉट म्हणतात, तो निरुपद्रवी असतो आणि बहुतेकांचा मोठं होता होता जातो. परदेशात राहणाऱ्या आईबापांवर यावरून उगाच संशय घेतला गेल्याचं मी ऐकलंय, म्हणून डॉक्टरकडून तो डाग बाळाच्या फाइलमध्ये आधीच लिहून घ्या.

खुणेपेक्षाही मला गोष्ट जुळते का ते महत्त्वाचं वाटतं. आई म्हणते पलंगावरून पडला, बाबा म्हणतात जिन्यात, आणि डॉक्टरकडे दोन दिवसांनी नेलंय. १९६२ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच न जुळणाऱ्या गोष्टींवर एक पेपर लिहिला, त्याआधी आईबाप असं करत असतील हे बऱ्याच डॉक्टरांच्या मनातही येत नव्हतं.

आणि खुणा नसतीलच तर?

बहुतेक वेळा नसतातच. वागण्यात अचानक बदल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू, एका ठराविक माणसाकडे किंवा क्लासला जायचं म्हटलं की पोटात दुखणं, वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं किंवा खेळणं, मोठ्या मुलांमध्ये स्वतःला इजा करून घेणं, घरी जायची वेळ झाली की रेंगाळणं. यातलं एकेकटं काहीच सिद्ध करत नाही, नवीन भावंड आलं, शाळा बदलली तरी असं होतं. पण दोनचार एकत्र दिसली तर डोक्यात घंटी वाजू द्या.

अनोळखी माणसांपासून सांभाळलं की झालं ना?

नाही झालं. लैंगिक अत्याचाराच्या दहातल्या साधारण नऊ घटनांमध्ये तो माणूस मुलाच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणारा, मोठा भाऊबंद. आणि तो आधी तुम्हाला जिंकतो, मुलाला नंतर. मदतीला कायम हजर, गिफ्ट आणणारा, "तुम्ही जा हो, मी बघतो" म्हणणारा. मग मुलासोबत छोटी छोटी गुपितं, "आईला सांगू नकोस हां", मग गंमत म्हणून गुदगुल्या, आणि प्रत्येक पायरीला मूल गप्प राहतं का ते तपासणं. मूल गप्प राहिलं की पुढची पायरी. म्हणून चांगला माणूस आहे का वाईट, हे ओळखत बसू नका, ते नाही ओळखता येत, त्यापेक्षा नियम असा ठेवा की कोणीही मोठा माणूस मुलाला घेऊन दार लावून बसणार नाही. चांगल्या माणसाला या नियमाचा राग येत नाही. ज्याला येतो, तो का येतो ते बघा.

मुलाने मला सांगितलं. आता मी काय बोलू?

सगळ्यात आधी, चेहरा. मूल तुमचा चेहरा वाचतंय. तुम्ही किंचाळलात, रडायला लागलात, "मी त्याला जिवंत सोडणार नाही" म्हणालात की मूल तिथेच बंद होतं, कारण आता त्याला तुम्हाला सांभाळायचंय.

मग तीन वाक्यं पुरतात. "सांगितलंस ते खूप चांगलं केलंस." "यात तुझी काही चूक नाही." "माझा तुझ्यावर विश्वास आहे." एवढंच. "आधी का नाही सांगितलंस" हे चुकूनही नको, ते मुलाला "चूक तुझीच" असं ऐकू येतं. "कोणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, कारण सांगावं लागणारच आहे, "तुला सुरक्षित ठेवायला जे लोक मदत करतात त्यांनाच फक्त सांगेन" असं म्हणा.

आणि प्रश्न विचारू नका. म्हणजे अगदीच कळलं नाही तर "मग काय झालं?" एवढं ठीक, पण "काकांनी इथे हात लावला का?" असं नाव घालून, जागा दाखवून नाही. यामागे एक मोठा धडा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन प्रीस्कूलची केस १९८३ पासून १९९० पर्यंत चालली, शेकडो मुलांना असेच सुचवणारे प्रश्न परत परत विचारले गेले, उत्तरं इतकी गढूळ झाली की शेवटी कोणालाच शिक्षा झाली नाही, आणि खरं काय होतं हे कायमचं हरवलं. त्यानंतर मुलांशी बोलायच्या पद्धतीच बदलल्या. आइसलँडमध्ये १९९८ पासून बार्नाहुस नावाचं घर आहे, तिथे पोलिस, डॉक्टर, समाजसेवक सगळे एकाच जागी येतात आणि मुलांशी बोलायचं खास शिकलेला एकच माणूस मुलाशी बोलतो, म्हणजे मुलाला तेच तेच दहा ठिकाणी सांगावं लागत नाही.

ऐकून झालं की बाजूला जाऊन लगेच लिहून ठेवा. तारीख, वेळ, मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याने "शूची जागा" म्हटलं असेल तर तेच लिहा, तुमचा शुद्ध शब्द नको. नुकतंच घडलं असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदाच्या पिशवीत ठेवा आणि दवाखान्यात जा, पुरावा मिळायला पहिले तीन दिवस फार महत्त्वाचे असतात. आणि त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नका, त्याला सावध करून काय मिळणार.

दोन दिवसांनी मूल म्हणालं, मी खोटं बोललो. मग?

हे खूप वेळा होतं. घरात रडारड झाली, बाबांची नोकरी जाईल असं कोणीतरी म्हणालं, आजी बोलेनाशी झाली, की मूल शब्द मागे घेतं कारण त्याला सगळं आधीसारखं करायचं असतं. शब्द मागे घेतले म्हणजे आधीचे खोटे होते असं नाही. ठरवायचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका, दोन्ही वेळचे शब्द लिहा आणि कळवा.

डॉक्टरांनी तपासलं, काहीच सापडलं नाही. म्हणजे झालंच नाही ना?

नाही, असा अर्थ निघत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांची तपासणी नॉर्मलच येते, कारण बऱ्याच प्रकारांत जखम होतच नाही आणि झाली तरी फार लवकर भरते. मुलाचं बोलणं हाच बहुतेक केसेसमध्ये मुख्य पुरावा असतो. तपासणी मुलाला "तुझं शरीर ठीक आहे" हे सांगायला पण असते, ते ऐकून मुलं किती मोकळी होतात.

मला खात्री नाही. उगाच कोणाच्या घरात नाक कशाला खुपसू?

खात्री करणं तुमचं काम नाही. माझं सगळं म्हणणं खरं तर या एका ओळीत आहे. तुमचं काम शंका कळवणं, तपास करणारे वेगळे आहेत, त्यांना ते शिकवलेलं असतं. आपण आधी पुरावा गोळा करू मग कळवू असं म्हणणारे महिनोन्‌महिने थांबतात आणि तेवढे दिवस मूल तिथेच राहतं.

१८७४ मध्ये न्यूयॉर्कला मेरी एलन नावाच्या दहा वर्षांच्या मुलीचा छळ चालू होता, शेजारपाजारच्यांना सगळं ऐकू यायचं. एटा व्हीलर नावाच्या बाई दारोदार फिरल्या, कोणी हात घालेना, शेवटी त्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या हेन्री बर्ग यांच्याकडे गेल्या आणि त्यांच्या मदतीने केस कोर्टात उभी राहिली. त्यातूनच तिथे मुलांच्या संरक्षणाची संस्था निघाली. आणि उलट उदाहरण लंडनचं. आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबिए २००० मध्ये गेली, अंगावर १२८ जखमा होत्या. दवाखाने, पोलिस, समाजसेवा खातं, सगळ्यांनी तिला पाहिलं होतं, आणि प्रत्येकाला वाटलं दुसरा कोणीतरी बघतोय.

कायद्याचं म्हणाल तर भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती असली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, फक्त डॉक्टर शिक्षकांवर नाही, आणि न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढे काही निघालं नाही तर तुमच्यावर केस होत नाही. इतर बऱ्याच देशांतही डॉक्टर, नर्स, शिक्षक यांना कळवावंच लागतं.

फोन कुठे करायचा आणि पलीकडून काय विचारतात?

मूल आत्ता या क्षणी धोक्यात असेल तर सरळ तुमच्या देशाचा इमर्जन्सी नंबर, भारतात ११२. तसं नसेल तर भारतात १०९८, फुकट आणि चोवीस तास. ब्रिटनमध्ये मुलांसाठी ०८०० ११११, मोठ्यांना काळजी कळवायची असेल तर एनएसपीसीसी या तिथल्या मुलांच्या संरक्षणाच्या संस्थेचा ०८०८ ८०० ५०००. अमेरिकेत चाइल्डहेल्प १-८००-४२२-४४५३. युरोपातल्या बऱ्याच देशांत मुलांची हेल्पलाइन ११६ १११.

विचारतात साधंच. मूल कुठे आहे, वय अंदाजे किती, तुम्ही काय पाहिलं, काय ऐकलं, कधी, घरात अजून मुलं आहेत का. माहीत नाही ते "माहीत नाही" सांगा, गाळलेल्या जागा स्वतःच्या मनाने भरू नका. बऱ्याच ठिकाणी नाव न सांगताही कळवता येतं, फोन केल्या केल्या आधी तेच विचारून घ्या.

कळवलं की मुलाला उचलूनच नेतात ना?

बहुतेक वेळा नाही. चौकशी होते, घरी येतात, आणि आबाळीच्या केसमध्ये तर घराला मदत देऊनच प्रश्न सोडवायचा प्रयत्न असतो. मुलाला बाहेर काढणं हा शेवटचा उपाय.

बाळ रडायचं थांबतच नाही आणि मला भीती वाटते माझ्याच हातून काहीतरी होईल.

हे विचारणारी आई वाईट नाही, उलट. बाळ साधारण दुसऱ्या महिन्यात सगळ्यात जास्त रडतं आणि काही वेळा काहीही केलं तरी थांबत नाही, त्यात तुमची चूक नाही. डोक्यात सणक गेली की बाळाला पाठीवर, रिकाम्या सुरक्षित जागी ठेवा, दार लोटा आणि पाच दहा मिनिटं बाहेर जा. रडून बाळाला काही होत नाही. हलवून होतं. काही सेकंद जोरात गदागदा हलवलं तरी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, डोळे जाऊ शकतात, जीव जाऊ शकतो. आणि बाळ ज्याच्या ज्याच्या हातात देता त्या प्रत्येकाला हे सांगा, बाबांना तर नक्कीच, कारण "तू कर, मला नाही जमत" म्हणायची लाज त्यांनाच जास्त वाटते. बाळ अचानक मलूल झालं, उलट्या, झटके असं काही दिसलं तर लगेच दवाखाना, आणि कोणी हलवलं असेल तर ते डॉक्टरला लपवू नका.

मुलांना काय शिकवायचं? गुड टच बॅड टच पुरेसं आहे का?

थोडं पुरतं, पण अडचण अशी की काही स्पर्श मुलाला वाईट वाटतच नाहीत, गुदगुल्यांसारखे वाटतात, मग ते गोंधळतं. त्यापेक्षा नियम शिकवा. चड्डीच्या आतली जागा तुझी, तिथे कोणी बघायचं नाही, हात लावायचा नाही, स्वतःच्या तसल्या जागेला तुला हात लावायला सांगायचं नाही, डॉक्टर तपासणार तर आई किंवा बाबा सोबत. अवयवांची खरी नावं शिकवा, नाहीतर मूल "त्याने माझी चिमणी पकडली" म्हणतं आणि बाई हसून सोडून देतात. सरप्राइज आणि गुपित यातला फरक, सरप्राइज थोड्या दिवसांनी सगळ्यांना कळतं, गुपित कधीच सांगायचं नाही म्हणतात, तर असं गुपित आपल्या घरात चालत नाही. आणि पाहुणे आले की "जा, पापी दे" म्हणून ढकलू नका, हात जोडले तरी मान राखला जातो.

ऑनलाइन कोणीतरी फोटो घेतला आणि आता धमकी देतोय.

पैसे देऊ नका, अजून फोटो तर मुळीच नाही, दिलं की मागणी थांबत नाही, वाढते. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट आणि युजरनेम ठेवा, पण मुलाचे ते फोटो स्वतः कुणाला फॉरवर्ड करू नका, पोलिसांना दाखवायचे असले तरी फोन त्यांच्या हातात द्या. मग ब्लॉक आणि रिपोर्ट. अठराच्या आतल्यांच्या फोटोसाठी टेक इट डाऊन नावाची मोफत सोय आहे, ती फोटोचा फक्त डिजिटल ठसा घेते, फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, आणि यात सामील असलेल्या साइट्स तो ठसा जुळला की फोटो काढून टाकतात. आणि मुलाला त्या रात्री एकटं सोडू नका. लाजेने मुलं टोकाचं काही करून बसतात. मोबाइल काढून घेणं ही शिक्षा त्या दिवशी अजिबात नको, पुढच्या वेळी मूल सांगणारच नाही.

माझं मूल बोलू शकत नाही, त्याला धोका जास्त का?

हो. २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका आढाव्यात अपंग मुलांना हिंसेचा धोका इतर मुलांपेक्षा ३.७ पट दिसला. अंघोळ, कपडे, शी शू, सगळ्यासाठी दुसऱ्याचे हात लागतात आणि सांगायला शब्द नाहीत. ज्या चित्रांच्या पाटीवर किंवा अॅपवर बोट ठेवून ते आपलं म्हणणं सांगतं, त्यावर अवयवांची चित्रं आणि "नको", "दुखतं" हे शब्द घाला, बऱ्याच पाट्यांवर खाऊ आणि खेळणी असतात पण हेच नसतं.

मी कळवलं होतं, महिना झाला, काहीच झालं नाही.

काय झालं ते तुम्हाला सांगतीलच असं नाही, मुलाची माहिती गुप्त ठेवावी लागते, त्यामुळे बाहेरून शांत दिसतं. पण मूल अजून तसंच दिसत असेल तर परत फोन करा. पहिल्या फोनची तारीख, ज्याच्याशी बोललात त्याचं नाव, तक्रार नंबर मिळाला असेल तर तो, आणि त्यानंतर नवीन काय पाहिलं ते. मीही एकदा एकाच घराबद्दल तीनदा फोन केला होता, तिसऱ्या वेळी पलीकडची मुलगी म्हणाली, "थांबा मॅडम, आधीच्या दोन्ही नोंदी समोर उघडते." त्या दोन आधी होत्या म्हणूनच तिसरीला वजन आलं.